राणे मॅडम गेटवर नसतात तेव्हा

आमच्या भांडुपच्या शाळेत एखादा वर्ग गोंगाट करत असला, तर मुख्याध्यापिका राणे मॅडम खुशाल पुढे निघून जातात. वर्ग शांत असला की मात्र त्या दारातच थबकतात. "हंय काय शिजता?" असं मालवणीत विचारतात आणि पहिल्या बाकापासून दप्तरं उघडायला लावतात. दप्तरात काही सापडत नाही. त्याने संशय वाढतोच. "आधीच लपवल्यानी! माका सगळा कळता."

मी उपमुख्याध्यापक, म्हणून संशयितांत माझा नंबर पहिला. परवा मी शाळेत छत्री विसरलो, तर म्हणाल्या, "परत यायला निमित्त ठेवलंत काय, कुलकर्णी सर?"

पालकांच्या तक्रारी वाढल्या तेव्हा संस्थेने त्यांना मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणाला धाडलं. विषय होता, धाक न दाखवता शिस्त. मॅडम तिथे शेवटच्या बाकावर बसल्या, कारण तिथून सगळे दिसतात. पहिल्या चहाच्या आत त्यांनी विक्रोळीच्या एका मुख्याध्यापकांचा मोबाइल जप्त केला होता. लेखी कामाच्या वेळी उभं राहून तक्रार केली, "हे देवनारचे सर माझ्या कागदात बघून लिहितायत." आणि दर चहाला मला फोन, "तुम्ही माझ्या खुर्चीत तर बसला नाहीत ना?" मी उभ्यानेच बोलत होतो. पण ते फोनवर पटवणार कसं?

प्रशिक्षणातून एक गृहपाठही मिळाला. स्वयंशासन दिन, म्हणजे दहावीच्या मुलांनी एक दिवस शाळा चालवायची. मॅडमनी हे थेर आजवर होऊ दिले नव्हते. संस्थेने बजावलं, दिवस सुरळीत गेला नाही तर मुख्याध्यापकपद कुलकर्णींकडे जाईल.

"म्हणजे गोंधळ तुम्हीच घालणार," मॅडम मला म्हणाल्या.

मुलांनी मुख्याध्यापिका निवडली ती तेजल. रोज उशिरा येणारी आणि रोज गेटवर मॅडमच्या तावडीत सापडणारी पोर! "हिला मतं कोणी दिली? का दिली?" मॅडमची झोप उडाली.

त्या दिवशी तेजल आईची साडी नेसून आली. मॅडमनी गेटवर यायचं नाही, असं ठरलं होतं. म्हणून त्या पाण्याच्या टाकीमागून पहारा देत होत्या. त्यांची माझ्यावर नजर, माझी त्यांच्यावर. पण दिवसभरात काही म्हणजे काहीच घडलं नाही. तास वेळेवर झाले. खडूचा तुकडासुद्धा कोणी फेकला नाही.

शाळा सुटल्यावर मी अभिनंदन करायला गेलो. खुर्ची हुकल्याचं थोडं वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू? मॅडम ऑफिसबाहेर, शिक्षा झालेली मुलं बसतात त्या बाकावर बसल्या होत्या.

"चाललं ना सगळं," त्या म्हणाल्या. "माझ्याशिवाय."

आवाजात संशयाचा मागमूस नव्हता.

तेवढ्यात तेजल ऑफिसच्या किल्ल्या परत द्यायला आली. "मॅडम, उद्या गेटवर तुम्हीच ना?"

"का गो? काय केलंस?"

"काही नाही. आज पण लेट झाला, तर कोण ओरडलंच नाही. उलट सगळे गुड मॉर्निंग मॅडम!" ती पदराशी चाळा करत म्हणाली. "आई पहाटेच कामाला जाते ना. उशीर का झाला, ते दिवसभरात तुम्हीच तेवढं विचारता."

आता मॅडम विचारणार, हे बोलायला तुला कोणी शिकवलं, असं मला वाटलं. पण त्यांनी बाकावर सरकून तिला जागा करून दिली.

"माका तरी घराकडे कोण आसा विचारूक?" त्या हळूच म्हणाल्या. मला नाही, तिला. "उद्या सहाक ये. चाय घेऊया. मी रोज असतंय."

आमची शाळा सातला भरते. सहाला तिथे शिपाईसुद्धा आलेला नसतो.