बत्तिसावा नग

मंगळवारी सकाळी दाढी करताना पारस चौगुलेच्या हनुवटीला ब्लेड लागलं आणि त्याचा भाव साडेअकरा टक्क्यांनी पडला.

पारस सांगलीत विश्रामबागला राहायचा. त्याच्याकडे 'बुटके शिलेदार' या खेळण्यांच्या मालिकेचा पुरा संच होता. एकतीस फिगर, प्रत्येक वीतभर उंच, प्रत्येक आपापल्या खोक्यात, एकाचंही सील फोडलेलं नाही. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की हळदीत पैसे घालण्यापेक्षा यात वाढ जास्त आहे. झालं, पठ्ठ्यानं मिरज रोडचा प्लॉट विकला आणि संच जमवला. बायकोला, म्हणजे सोनलला, त्यानं शब्द दिला होता की तीन वर्षांत एकाचे दोन प्लॉट होतील. संचाबरोबर धोक्यांचं एक पत्रक आलं होतं. ते बारीक अक्षरात होतं, म्हणून त्यानं ते जपून ठेवलं.

त्यातलं चौदावं कलम असं होतं: संच ज्यानं पहिल्यांदा पुरा केला, तो पहिला मालक संचाचा बत्तिसावा नग धरला जाईल. नग मूळ स्थितीत असावा. संच फोडून विकता येणार नाही.

भाव ठरवायला दर मंगळवारी किणीकर यायचे. पांढरे हातमोजे घालायचे, आधी एकतीस खोकी बघायचे, मग पारसला खिडकीच्या उजेडात उभं करून भिंग लावायचे.

"ओरखडा आहे," किणीकर म्हणाले. "कशानं?"

"दाढी करताना."

"नगाची दाढी मूळ कारखान्याची समजतात. तिला हात लावायचा नसतो."

"मग आधी सांगायचं ना मला!"

"नगांशी आम्ही बोलत नाही. हे मी तुम्हाला मालक म्हणून सांगतोय."

एवढ्यात पारसचे वडील, तात्या, टॉवेल झटकत आत आले. तात्यांचा जन्म बैलबाजारात दलाली करण्यात गेला होता. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांनी टॉवेलाखाली हात घालायचे, बोटं दाबायची, आणि हात बाहेर आला की सौदा पक्का.

"ठरलं!" तात्या म्हणाले. "हळदीवाले बाबगोंडा आण्णा घेतायत अख्खा संच. पंचेचाळीस लाख. रविवारी माल उचलणार."

सोनलनं हातातली परात खाली ठेवली. "तात्या, दोन प्लॉट होतात की हो!"

"कोपऱ्यातले," तात्या म्हणाले.

किणीकरांनी वहीत नोंद केली. "म्हणजे मोठं खोकं एक लागेल. साडेपाच फुटी."

"मोठं कशाला?" सोनलनं विचारलं.

किणीकरांनी पेनानं पारसकडे दाखवलं.

मग पत्रक शोधलं गेलं. सोनलनं चौदावं कलम दोनदा वाचलं. "तात्या, तुम्ही पोराला विकलंत."

"मी खेळणी विकली. पोरगं त्यात आलं, त्याला मी काय करू?"

"शब्द फिरवा."

"टॉवेलाखालचा? उद्या बाजारात कोण माझ्या बोटाला बोट लावंल?"

"बाजार सोडून बारा वर्षं झाली तुम्हाला!"

"म्हणून तर शब्द जपायचा. आता नवा कुठनं आणू?"

पारस भिंतीला टेकणार होता, पण किणीकरांनी मान हलवली, म्हणून तो सरळ उभा राहिला.

शेवटी तात्याच म्हणाले, "एक वाट आहे. उचलायच्या वेळी जनावरात खोड निघाली, तर गिऱ्हाईक सौदा मोडतं. बाजाराचा नियमच हाय."

रविवारच्या आधी मधे चार दिवस होते. बुधवारी पारस भर दुपारी गच्चीवर झोपला आणि एका अंगानं काळा पडला. गुरुवारी सोनलनं त्याचं डोकं स्वतः भादरलं, फक्त डाव्या बाजूचं. हात चालवताना ती दोनदा म्हणाली, "लागलं का रे?" शुक्रवारी त्यानं दंडावर मोर गोंदवून घेतला. मोराचे पाय व्हायच्या आधी गोंदवणारा जेवायला गेला, आणि पारस उठून आला. रात्री दोघं आरशासमोर उभे राहिले.

"कसा दिसतोय?"

"कोण फुकट नेणार नाही," सोनल म्हणाली, आणि आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवली.

शनिवारी किणीकरांना बोलावलं. त्यांनी भिंग लावलं. मोर बघितला. पारसला गोल फिरवून पुन्हा मोर बघितला. मग त्यांनी खुर्ची मागितली.

"देशात असे सहा संच आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "बाकीच्या पाचांचे पहिले मालक स्वच्छ. हा नग एकमेव आहे. भाव चाळीस टक्के वर."

"अहो, मी खराब झालोय!"

"खराब झालेले पुष्कळ असतात हो. इतका मन लावून खराब झालेला दुसरा नाही."

"आणि ओरखडा?" सोनलनं विचारलं. "त्यानं भाव पडला होता ना?"

"तो एकटा होता, म्हणून दोष होता. आता सोबत आहे, म्हणून वैशिष्ट्य."

रविवारी बाबगोंडा आण्णा टेम्पो घेऊन आले. त्यांनी पारसचे दात बघितले, पाठीवर थाप मारली, दोन पावलं चालवून बघितलं. नग पसंत पडला. भाव मात्र टॉवेलाखाली ठरलेलाच राहिला, पंचेचाळीस. तात्यांना ते फार लागलं. "स्वस्तात गेलं पोरगं," ते दारातल्या प्रत्येकाला सांगत होते.

पारसला खोक्यात सोनलनंच उभं केलं. मानेमागं उशी दिली. वाईट बाजू झाकावी म्हणून तिनं त्याला जरा वळवलं, तर किणीकर म्हणाले, "नाही, तीच पुढं." पुढचा पारदर्शक कागद ताणून बसवला. सील लागलं. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला.

"आण्णा," सोनल म्हणाली, "बघायला आलं तर चालेल का?"

"या की सूनबाई. रविवारी या. काचंच्या कपाटाबाहेरनं."

"काच नीट बसते ना? त्याला धुळीनं शिंका येतात."

"डबल लावलीया. शिंकला तर सील जातंय, मला कळत नाही व्हय?"

टेम्पो सुरू झाला. सोनलनं हात केला. पारसनं आतून हात वर केला, कोपर कागदाला लागलं आणि कागदाला वरपासून खालपर्यंत चीर गेली.

तात्यांनी ती बघितली. सोनलनंही बघितली. पण टेम्पो फाटकाबाहेर गेला होता. ते नुकसान आता आण्णांचं होतं.