व्हर्लिनची पांढरी विजार

"या वर्षी निळी फीत आपलीच!" व्हर्लिनने न्याहारीलाच जाहीर करून टाकलं.

विस्कॉन्सिनच्या जत्रेत दुभती गाय रिंगणात फिरवायची, तर माणसाने नखशिखान्त पांढरंशुभ्र असावं असा दंडक. हा दंडक घालणाऱ्याने जन्मात शेण पाहिलं नसणार! दरवर्षी ऐनवेळी व्हर्लिनच्या विजारीवर हिरवा शिक्का बसायचा, पहिल्या नंबराची निळी फीत मेहुणा मर्ल न्यायचा, आणि याला दुसऱ्या नंबराची लाल. स्वयंपाकघरातली भिंत लाल झाली होती. गुडघे कुरकुरत होते. एकदा निळी मिळाली की सुटलो, एवढंच त्याचं मागणं होतं.

"मी गायीच्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही. डार्ला, तिची आंघोळ तुझ्याकडे!"

"विजार ब्लीचमध्ये, गाय साबणात अन् मी मसणात!" बायको म्हणाली आणि बादली उचलून गेली.

व्हर्लिन सकाळभर गाडीत ताठ बसून राहिला. कॉफीसुद्धा नाही, न जाणो सांडली तर! नाव पुकारल्यावर तो झगझगीत, ब्लीचचा दर्प सोडत रिंगणात आला आणि त्याने दावं धरलं. त्याच्या गायीने, पेट्यूनियाने, त्याला हुंगलं आणि चारी पाय रोवले. हा धुतलेला माणूस कोण?

"चल गं बाई!"

गाय ढिम्म! मर्ल ऐटीत शेजारून गेला. "काय दाजी, ओळख करून देऊ का?"

व्हर्लिनला रडू यायचं बाकी राहिलं. तेवढ्यात कुंपणापलीकडून डार्लाने त्याचा गोठ्यातला डगला भिरकावला. "धर!"

"अगं, नियम!"

"आधी गाय हलव!"

त्याने डगला नुसता छातीशी धरला. पेट्यूनिया हंबरली, धावली, आणि तिने धन्याला गळ्यापासून गुडघ्यापर्यंत प्रेमाने चाटून काढलं. तोंडात रवंथ होताच!

"अशी जोडी पाहिली नाही," परीक्षक डोळे पुसत म्हणाले. "पण पोशाख..."

व्हर्लिनने लाल फीत खिशात कोंबली. घरी आल्यावर विजार काढून फेकली आणि तो न जेवता झोपला.

दुसऱ्या दिवशी दोरीवर गुलाबी विजार वाळत होती.

"फीत खिशातच राहिली रे. चुकून," डार्ला म्हणाली. संसारात आजवर तिने कुणाच्या खिशात साधं खिळ्याचं टोकही राहू दिलं नव्हतं.

"आता पुढच्या वर्षी मी घालू काय?"

"डगला घाल अन् घरी बस. गायीला तू तसाच आवडतोस."

"अन् तुला?" व्हर्लिनने जरा आशेने विचारलं.

"मला विजार धुवायची नाही!"