वाकळीतला व्हॉल्व्ह

प्रभावतीबाईंनी सिंकखालच्या पाइपाला निनादचा मफलर गुंडाळायला घेतला, तेव्हा दुबईजवळच्या अजमानमध्ये जानेवारीची ऐन थंडी होती. म्हणजे बाहेर चोवीस डिग्री आणि घरात एसी.

निनाद पाणी प्यायला आला आणि गुडघ्यांवर बसलेल्या आईकडे बघतच राहिला. "आई, हे काय चाललंय?"

"दिसत नाही? पाइप बांधतीय. गोठू नये म्हणून."

"इथं? अगं, इथं बर्फ हवा तर फ्रीज लागतो!"

"इथला पाइप गेला खड्ड्यात. मी सराव करतीय. लायसनच्या आधी तू रिकाम्या मैदानात गाडी फिरवत होतास, तेव्हा मी म्हटलं का, इथं ट्रॅफिक कुठंय म्हणून?"

निनाद पाणी न पिताच परत गेला.

सरावाचं कारण कॅनडात, एडमंटनला होतं. तिथं त्यांची लेक शुभ्रा पहिलटकरीण. दिवस भरत आलेले. प्रभावतीबाईंचा व्हिसा लागून पासपोर्ट कपाटात येऊन पडला होता, डिंकाचे लाडू डब्यात बसले होते, अडलं होतं ते जावयाच्या मनात. सिद्धांत तेलाच्या साइटवर आठवडेच्या आठवडे बाहेर. त्याचं म्हणणं, उणे तीसमध्ये घर चालवणं सोपं नाही. गेल्या हिवाळ्यात पाइप गोठून फुटला नि तळघराचं तळं झालं. तो घरी नसताना पुन्हा तसं झालं, तर आईंनी बाळंतिणीला बघायचं की पाण्याला? त्यापेक्षा पगारी बाई ठेवू.

पगारी बाई! लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला! प्रभावतीबाईंच्या घशाखाली दोन दिवस घास उतरला नव्हता. पण फोनवर समोर जावई. निन्या असता तर कानफटात वाजवून मोकळ्या झाल्या असत्या. जावयाला काय बोलणार? म्हणून त्या तोंडभरून गोड म्हणाल्या, "जावईबापू, काय काय करायचं असतं ते सांगा. मी शिकते. मग परीक्षा घ्या. नापास झाले तर ठेवा तुमची बाई."

शिक्षण तिसरीपर्यंत. त्यानंतर आयुष्यात द्यायची परीक्षा हीच काय ती पहिली.

शुभ्रानं फोनवरून धडे दिले. पाइप गुंडाळायचे. नळाची बारीक धार चालू ठेवायची. सिंकखालची कपाटं उघडी ठेवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मेन व्हॉल्व्ह कुठंय ते झोपेतही सांगता आलं पाहिजे. पाइप फुटला की आधी तो बंद, मग खालचा नळ सोडून पाइपातलं उरलेलं पाणी काढून टाकायचं.

त्या दिवसापासून घरात कपाटं उघडी राहायला लागली. सून वैभवी घरूनच ऑफिसचं काम करायची. तिच्या मीटिंगमध्ये मागं साबणाच्या बाटल्या, फिनेल आणि एक तुटका झाडू अशी आरास दिसायची.

"आई, माझा मॅनेजर विचारत होता, घर शिफ्ट करताय का म्हणून."

"त्याला म्हणावं, सासू शिफ्ट होतीय. खूश होशील ना?"

"मी कशाला खूश होऊ?"

"मग तोंड लपव की, हसतीयस ती."

घरातले पाइप संपल्यावर प्रभावतीबाईंनी गच्चीकडे मोर्चा वळवला. व्हिलाचा वरचा मजला निनादचा, खालचा रशीदाचा. ती मूळची रत्नागिरीकडची, नवरा जवळच्याच हमरिया फ्री झोन या उद्योगवसाहतीत नोकरीला. दोन्ही घरांची टाकी गच्चीवर, आणि टाकीतून उतरणारे प्लास्टिकचे पाइप वर्षानुवर्षं उन्हात भाजून पांढरेफटक पडलेले. प्रभावतीबाईंनी ट्रंकेतल्या, जुन्या कपड्यांची ठिगळं जोडून शिवलेल्या वाकळी काढल्या. वैभवीनं कॅनडासाठी आणलेली थर्मलची विजारही पाइपालाच चढवली. "मी विजार घालायची? या वयात? पाइप घालू दे."

नुसतं गुंडाळून त्यांचं समाधान होईना. वारं सुटलं की टोकं फडफडायची. म्हणून त्यांनी सुई-दोरा घेऊन सगळ्या वाकळी पाइपावरच टाचून टाकल्या. टाका असा, की पाहणाऱ्यानं पाइपाकडे न बघता शिवणच बघत राहावं.

कपडे वाळत घालायला आलेली रशीदा बादली खाली ठेवून उभीच राहिली. "प्रभावतीताई, ह्या पाइपाचं लगीन हाय काय?"

"बाळंतपण आहे, रशीदा. पाइपाचं नाही, माझ्या लेकीचं."

सगळं ऐकल्यावर रशीदानं हसणं आवरलं. "मग तुम्ही पास होताय ताई. इन्शाल्ला. त्या जावयाला काय ठावं, तुम्ही कोण ते."

शनिवारी संध्याकाळी परीक्षा ठरली. तिकडे सकाळ होती. वैभवीनं फोन धरला. पडद्यावर स्वेटरमधला सिद्धांत आणि त्याच्या खांद्याला टेकलेली, पोट सांभाळत बसलेली शुभ्रा. निनाद कठड्याला टेकून फुकटची करमणूक बघायला उभा.

"छान बांधलंय आई," सिद्धांत म्हणाला. "खरंच छान. फक्त तो कोपरा... जिथं पाइप वळतोय ना, तिथं जरा सैल वाटतंय."

सैल! प्रभावतीबाईंचा टाका आणि सैल! त्यांनी सुतळीचा तोडा उचलला, कोपऱ्याला तीन वेढे दिले, आणि माहेरी शेतात कडब्याचा भारा आवळायच्या, तसा पाइपाला गुडघा लावून सगळा जीव एकवटून आवळला.

कडाड्!

गोठून फुटू नये म्हणून बांधलेला पाइप बांधल्यामुळे फुटला. वाकळीतून पाण्याचा फवारा उडाला, तो थेट निनादच्या तोंडावर.

"आई!"

"ओरडू नकोस, व्हॉल्व्ह बंद कर!"

निनाद धावला आणि टाकीपाशी जाऊन थबकला. समोर इकडून तिकडे नुसत्या वाकळीच वाकळी. ठिगळं, टाके, एक विजार. व्हॉल्व्हचा कुठं पत्ता नाही.

"व्हॉल्व्ह कुठंय?"

"वाकळीत!"

"तो कशाला शिवलास?"

"त्याला काय थंडी वाजत नाही?"

पाणी गच्चीवरून जिन्याला लागलं. खालून रशीदाचा आवाज आला, "ओ ताई! माझ्या चपला गेटाबाहेर चालल्या!" वैभवीनं एका हातात परीक्षकाचा फोन तसाच धरून दुसऱ्या हातात निनादचा घेतला आणि प्लंबरला लावला. "तो म्हणतोय, इन्शाल्ला अर्ध्या तासात."

"इन्शाल्ला म्हणाला? मग खलास, उद्याच येतो तो," म्हणत निनाद एका ठिगळावर नखं चालवू लागला. पण आईचा टाका. नख तुटलं, दोरा तुटेना.

"हो बाजूला," प्रभावतीबाईंनी पदर खोचला. "ते माझ्या हिरव्या इरकलीचं ठिगळ आहे, त्याच्याखाली काही नाही. हे तुझ्या बापाचं धोतर, त्याच्याही नाही. तुझी शाळेची खाकी चड्डी कुठंय? ही बघ. हिच्या पोटात व्हॉल्व्ह. इथला दोरा मुद्दाम एका गाठीवर ठेवलाय." त्यांनी गाठ दातानं तोडली, दोरा सर्रकन ओढला, खाकी ठिगळ पिशवीच्या तोंडासारखं उघडलं, आणि आतली मूठ त्यांनी करकर फिरवली.

फवारा दोन उचक्या देऊन थांबला.

"आता खालचा नळ सोड. बघतोस काय माझ्याकडं? उरलेलं पाणी काढून टाकायचं असतं!"

निनादनं मुकाट्यानं नळ सोडला. गच्चीवर टपटप तेवढी राहिली. आणि मग प्रभावतीबाईंना आठवलं, फोन चालूच आहे.

पदरानं तोंड पुसून त्या फोनसमोर आल्या. मान ताठ. "बघितलंत जावईबापू. पाइप मीच फोडला. ठेवा तुमची बाई. फक्त तिला म्हणावं, माझ्या पोरीला रोज शेक दे, आणि..." त्यांनी पुन्हा पदर तोंडाला लावला.

पलीकडे शुभ्रा डोळे पुसत होती. हसून की रडून, ते कळत नव्हतं. सिद्धांतनं घसा खाकरला.

"आई, गेल्या वर्षी आमचा पाइप फुटला ना, तेव्हा मी मेन व्हॉल्व्ह शोधत तासभर तळघरात फिरत होतो. इंजिनिअर आहे मी. शेवटी शेजाऱ्यानं येऊन दाखवला. तुम्ही डोळे मिटूनसुद्धा बंद केला असता. आणि आवळायला मीच सांगितलं होतं. तिकीट आजच काढतो."

"ते मी बोलणार नव्हते," प्रभावतीबाई म्हणाल्या, "पण बरं झालं, तुम्हीच बोललात."

प्लंबर खरोखरच दुसऱ्या दिवशी आला. पाइप बदलून झाल्यावर वाकळी काढायला निघालेल्या निनादला रशीदानंच अडवलं. मे महिन्यात उन्हानं पाइप तापून नळाच्या पाण्याचा चटका बसतो, गारव्यासाठी आपण घरातल्या बंद गिझरमध्ये निवलेलं पाणी वापरतो. मग हे पांघरूण राहिलं तर काय वाईट? एवढा चपलांचा बळी गेलाय, काहीतरी फायदा होऊ दे. प्रभावतीबाईंनी वाकळी तिथंच ठेवल्या. फक्त खाकी ठिगळाची तेवढी उसवून, धुऊन, वाळवून बॅगेत भरली. विजारही काढून घेतली. का, ते कुणी विचारलं नाही.

मे महिन्यात एका संध्याकाळी निनादनं एडमंटनला फोन लावला. "आई, पाणी चक्क कोमट येतंय! दुपारी दोनला! शेजारचा व्हिला विचारतोय, त्यांचं पण शिवून देशील का म्हणून."

"आल्यावर बघू. इथं काय, उघडे पाइप कधीच बांधून झाले, बाकीचे मेले भिंतीत. बांधायला एकच मिळालंय."

त्यांनी फोन फिरवला. खाकी ठिगळाच्या वाकळीत घट्ट गुंडाळलेलं, फक्त नाक आणि दोन डोळे बाहेर असलेलं गाठोडं शांतपणे जांभई देत होतं. साइटवरून नुकताच परतलेला सिद्धांत त्याच्यावर वाकला होता.

"आई, मानेपाशी जरा सै..." तो म्हणाला, आणि प्रभावतीबाईंनी नुसतं वर बघितलं.

"...सुंदर," सिद्धांत म्हणाला. "मानेपाशी फारच सुंदर बांधलंय."