फुकटच्या पत्र्यांची रांगोळी

पेन्शनीत आलेल्या नानासो हवालदारांचा या व्यवहारात सगळा फायदाच होता. उंब्रजच्या एका गुदामाचे जुने सिमेंटचे पत्रे मालक टाकूनच देत होता. नेले म्हणून त्यानं वर चहा पाजला. बाळंतपणाला आलेल्या लेकीच्या, अंजनाच्या, खोलीवर गळक्या कौलांऐवजी छप्पर, गल्लीत पहिला सिमेंटचा पत्रा, आणि सुताराचं तोंड बघायला नको. पत्रे लांब निघाले, तर नानासोंनी अंगणात बसून स्वतःच करवतीनं कापले आणि खोलीवर चढवले.

नवऱ्यानं फुकट आणलेल्या वस्तूची धूळसुद्धा वाया जाऊ देईल, तर ती सुलाबाई कसली! करवतीखालचा पांढुरका भुगा तिनं वस्त्रगाळ केला. शिरगोळ्याच्या रांगोळीपेक्षा मऊ, चिमटीतून सुरेख सुटणारा. नातीच्या बारशाला तिनं पाळण्याभोवती त्याचीच कमळं काढली आणि गल्लीत घरोघरी वाटीवाटी धाडला.

बारशाच्या सकाळी बादशहा आला. नानासोंचा पलटणीतला जोडीदार, गावातच पलीकडच्या आळीत राहणारा. पत्र्यांचे कापलेले तुकडे बघून तो अंगणातच थांबला. त्याचा मेव्हणा मुंबईला असल्याच पत्र्यांच्या कारखान्यात होता. आता जिना चढताना मध्येच बसतो. पत्र्यातल्या ॲस्बेस्टॉसची ही धूळ छातीत गेली की परत निघत नाही, आणि कैक वर्षं बोलतही नाही, असं डॉक्टरानं सांगितलेलं.

"पत्रा नुसता पडलाय तवर गप असतोय," बादशहा म्हणाला. "कापला का धूळ उडती. भुगा कुठं टाकलास, गड्या?"

नानासोंनी सुलाबाईकडं पाहिलं. सुलाबाईनं पाळण्याकडं.

दारातून वारा आला आणि कमळाची एक पाकळी हळूच सरकली. पासष्ट आणि एकाहत्तरची लढाई पाहिलेल्या नानासोंनी खांद्यावरचा पंचा पाळण्यावर पांघरला. अंजना बाळाला उचलून तडक बादशहाच्या घरी गेली. बारसं आता त्याच्या ओसरीवर. सुलाबाईनं केरसुणीला हात घातला.

"केरसुणी नगं, वहिनी. झाडलं का उडंल. वलं करा."

पाळण्याभोवतीची कमळं ओल्या पोत्यानं पुसली. पण गल्लीतल्या प्रत्येक उंबऱ्यावर कमळं फुलली होती, आणि पोरं त्यांच्यावरून लंगडी घालत होती.

नानासो शेणकाल्याची बादली घेऊन निघाले. पहिलंच दार चंद्राबाईचं. त्यांनी खरं होतं ते सगळं सांगितलं. चंद्राबाईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमच्या डोईवर छप्पर म्हणून चालतंय, आन् माझ्या उंबऱ्यावर इख हाय व्हय?" ती म्हणाली. "दिलेली वाटी माघारी पायजेल म्हणा की सरळ, हवालदार. सिमेंटनं कोण मेलंय आजवर?"

बायका जमल्या, हसल्या. एकीनं तर चिमूट हातावर घेऊन फुंकून दाखवली. नानासोंनी श्वास रोखला.

तेव्हा सुलाबाई पुढं झाली. "आवं काकू, सांगाय लाजत्यात हे. नातीसाठी नवस बोलल्यात. बारशाची रांगोळी आपल्या हातानं सारवायची, उरलेली भिजवून पुरायची. कण जरी मागं ऱ्हायला तर पोरीला बाधंल."

चंद्राबाईचं तोंड उतरलं. "मग आदी सांगायचं न्हाई व्हय?"

मरणाला न भ्यालेली गल्ली नवसाला भ्याली. घराघरातून भिजवलेल्या वाट्या येऊ लागल्या.

"सारवायचं किती दिस?" चंद्राबाईनं विचारलं. नानासो 'आजच्यापुरतं' म्हणणार, तोच सुलाबाई बोलून गेली, "पोरगी चालाय लागंस्तवर."

घरी येताना नानासो चिडले. सुलाबाई एवढंच म्हणाली, "फटीत काय ऱ्हायलंय, तुमाला ठावं हाय?"

त्यांना ठाऊक नव्हतं.

पत्रे आणि भुगा ओला करून बांधाच्या कडेला खोल पुरला. खोलीवर परत कौलं चढली. गुदामवाल्याचा उकिरडा साफ झाला, गल्लीला रोज सारवलेले उंबरे मिळाले. फेडत होते ते एकटे हवालदार, रोज सकाळी, कोपरापर्यंत शेणात.

एकदा सारवतानाच त्यांना ठसका लागला. लवकर थांबेना. उंबऱ्यावरच्या बायका हसल्या. पाणी घेऊन आलेली सुलाबाई मात्र तांब्या धरून तशीच उभी राहिली.

"वास गेला नाकात, शेणाचा," नानासो म्हणाले.

भुगा चाळताना तिच्याही नाकात बरंच काही गेलं होतं. तिनं तांब्या खाली ठेवला, पदर खोचला आणि बादलीत हात घातला. त्या दिवसापासून गल्ली दोघं मिळून सारवू लागली.