मागच्या बाकावरचे भोईर

"बाई, जाऊ?"

करंगळी वर करून हा प्रश्न विचारणारे गृहस्थ एक्केचाळीस वर्षांचे होते. झुपकेदार मिशा, मनगटात सोन्याचं जाड कडं आणि बाकात जेमतेम मावणारा देह. फळ्यापाशी उभी असलेली 'बाई' एकोणीस वर्षांची होती. तिचं नाव श्रद्धा. ती गोंधळून म्हणाली, "जा ना काका, मला काय विचारता?"

"काका नाय. मी दुसरीत हाय."

कल्याणच्या आमच्या अध्यापक विद्यालयात हिराजी भोईरांची आणि माझी ओळख झाली ती अशी. डी.एड.ला, म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्याच्या अभ्यासक्रमाला, मी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी प्रवेश घेतला. त्याआधी डोंबिवलीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होते. कारखाना गुजरातला गेला, मी गेले नाही. घरी बसून डबे पुसायचे नव्हते, म्हणून पुढे काय करता येईल याची यादी केली. त्यातल्या बऱ्याच गोष्टींना माझे गुडघे नको म्हणाले आणि शिक्षिका होणं उरलं. वर्गातली सगळी मुलं विशीच्या आतबाहेरची. त्यांच्यात आम्ही दोघंच थोराड. मी काकू आणि भोईर काका.

प्रत्यक्ष शाळेत जाऊन शिकवण्याआधी आम्हाला एकमेकांवर सराव करावा लागतो. एकानं शिक्षक व्हायचं आणि बाकीच्यांनी मुलं. सहा मिनिटांचा पाठ, मग घंटा. मुलं होणाऱ्यांकडून कुणाची फारशी अपेक्षा नसते. गालाला हात लावून बसायचं, विचारल्यावर बरोबर उत्तर द्यायचं, मधूनमधून मोबाइल बघायचा. कारण उद्या आपली पाळी असते आणि तेव्हा बाकीच्यांनी शहाण्यासारखं वागावं अशी आपली इच्छा असते.

हा करार भोईरांना मान्य नव्हता. मूल व्हायचं तर खरंच व्हायचं.

श्रद्धा त्या दिवशी वजाबाकी शिकवत होती. राजूकडे पाच आंबे होते, त्यातले दोन खाल्ले, किती उरले. भोईरांनी हात वर केला.

"बाई, आंबं कुनी खाल्लं?"

"राजूनेच."

"त्याच्या बहिनीला नाय दिला?"

"त्याला बहीण नाहीये."

"मंग एकटाच खेलतो तो?"

श्रद्धा राजूच्या कुटुंबात इतकी अडकली की घंटा झाली तरी तीन आंबे काही उरले नाहीत. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "काकू, हा माणूस माझं करिअर खाणार."

पुढे लक्षात आलं की भोईर रोज वेगळं मूल होऊन येतात. सकाळी जिन्यातच जाहीर करायचे, "ताई, आज मी सर्दीवाला हाय." त्या दिवशी शर्टाला रुमाल टाचलेला असायचा आणि ते पूर्ण वेळ नाक ओढत बसायचे. एकदा ते डबा न आणलेलं मूल होते. शेजारच्याच्या दप्तराकडे इतकं टक लावून बघत राहिले की पाठ घेणाऱ्या मुलानं पाठ थांबवून स्वतःचा वडापाव त्यांना दिला. एकदा म्हणाले, "आज माजी आई गावाला गेलीय," आणि सहा मिनिटं फक्त दाराकडे बघत बसले. बाकी वर्ग हसत होता, पण पाठ घेणारी मुलगी मधेच थांबून स्वतःही दाराकडे बघायला लागली.

आणि रोज, मूल कुठलंही असो, पाठ संपता संपता मागच्या बाकावरून एक वाक्य यायचंच. "बाई, मना नाय समजला."

माझा पाठ दिशांवर होता. मी मिनिटवार आखणी केली होती. पूर्वेकडे तोंड, पाठीला पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण, डाव्या हाताला उत्तर, दोन प्रश्न, शाब्बासकी, समारोप. सगळं घड्याळाबरहुकूम चाललं होतं. तेवढ्यात भोईर बाकात उलटे वळून बसले.

"बाई, मी वललो तं पूर्व पन वलते का?"

मी म्हटलं, "नाही वळत."

"मंग डावा हात कसा वलला?"

घंटा झाली. घरी जाऊन मी जेवणाच्या टेबलावर चारी बाजूंना वांगी मांडून मधोमध मीठदाणी फिरवत बसले. आमचे हे म्हणाले, "भरल्या वांग्यांना एवढा विधी लागतो का?" मी त्यांना पूर्वेला बसवलं. त्या रात्री मला दिशा पहिल्यांदा नीट शिकवता आल्या, पण विद्यार्थी चुकीचा होता आणि त्याला भूक लागली होती.

भोईर राहायचे ठाण्याला, कोपरीत. पिढ्यान् पिढ्या तिथलेच. खाडीकाठी आजोबांची मिठागरं होती, हिराजी हे नावही आजोबांचंच. आता दोन इमारती आहेत आणि भाऊ रेती-विटांचा धंदा बघतो. यांना नोकरीची गरज नव्हती. शाळा लहानपणीच सुटलेली. चाळिशीच्या तोंडावर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली, मग बारावी, मग हे. घरचे म्हणायचे, हिराजी बालवाडीत जातो. ते मोठ्या पांढऱ्या गाडीतून यायचे, पण गाडी दोन गल्ल्या अलीकडे उभी करून चालत यायचे. कारण विचारलं तर म्हणाले, "शालेतला पोऱ्या गारीतून उतरला का बाकीची पोरा त्याच्याशी बोलत नाय."

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. पंचाईत अशी की या माणसाला शिकवता येत नव्हतं.

फळ्यापाशी उभे राहिले की भोईर वेगळेच व्हायचे. मान ताठ, आवाज घोगरा, नजर फळ्यावर. खडू मोडायचा. टाचणात, म्हणजे पाठाच्या आखणीत, लिहिलेलं घडाघडा म्हणून टाकायचे, आणि वर्ग मागे आहे हे त्यांना बहुतेक घंटेनंतरच आठवायचं. आमच्यासमोरच्या त्यांच्या पहिल्या पाठाला आमच्या मुलांनी सूड घेतला. श्रद्धानं खूण केली आणि सगळ्यांनी एकदम करंगळ्या वर केल्या. भोईरांनी एकेकाला अत्यंत प्रेमानं जाऊ दिलं. उरलेली चार मिनिटं त्यांनी 'पाण्याचे उपयोग' एकट्या मला शिकवले.

लिमये मॅडम आमच्या प्राध्यापिका. त्या कधी आवाज चढवत नाहीत. त्या म्हणाल्या, "भोईर, विद्यार्थी म्हणून आपण अप्रतिम आहात. अडचण एवढीच की परीक्षा शिक्षकाची आहे."

ती परीक्षा ते आमच्या आधीच्या तुकडीत एकदा नापास झालेले होते. बाहेरचे परीक्षक येतात आणि खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर पाठ घ्यावा लागतो. आता दुसरी खेप. चहाच्या टपरीवर ते मला म्हणाले, "ताई, आता गेलो तं संपला. भावानं दुकानात खुर्ची ठेवलीय माज्यासाठी. फिरती खुर्ची हाय." फिरती खुर्ची हे शब्द त्यांनी असे उच्चारले, जसा दुसरा कुणी कोठडी म्हणेल.

मग मी त्यांना हाताशी घेतलं. स्टोअरमध्ये नवीन माणूस आला की मी त्याला कामांचा क्रम लिहून द्यायचे, तसाच यांनाही दिला. वर्गात प्रवेश. बैठकव्यवस्था पाहणे. मुलांशी ओळख. विषयाची घोषणा. रोज दुपारी रिकाम्या वर्गात तालीम. श्रद्धा आणि तिच्या मैत्रिणी मुलं व्हायला थांबायच्या आणि आता खरंच शहाण्यासारख्या वागायच्या. शेवटी शेवटी त्यांना ते पाठ झालं. बरं शिकवायचे असं म्हणणार नाही, पण निदान आमच्याकडे बघायचे.

परीक्षा मोहन्याच्या एका शाळेत होती. वर्ग दुसरी, विषय हातच्याची वजाबाकी. परीक्षक बारीक अंगाचे, चष्म्याच्या वरून बघणारे. भोईरांनंतर माझा पाठ होता, म्हणून मीही मागे भिंतीला टेकून बसले होते.

भोईर आत आले. मुलं उठून "एऽक साऽथ नमस्तेऽ" म्हणाली. भोईरांनी हात जोडले. मग ठरल्याप्रमाणे बैठकव्यवस्था पाहत ते शेवटच्या बाकापर्यंत गेले. तिथे पूनम नावाची एक बारकी मुलगी एकटी बसली होती. कुणी जवळ येऊन उभं राहिलं की मुलं सरकून जागा देतात, तशी ती सरकली.

आणि भोईर बसले.

सगळं सरावाचं पाप. माझ्या क्रमात 'उभे राहणे' असं कुठेच नव्हतं. ते लिहावं लागेल हे मला सुचलंच नव्हतं.

वर्ग फळ्याकडे बघत शिक्षकाची वाट बघू लागला. भोईरही बघू लागले. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. शेवटी पुढचा एक मुलगा वळून म्हणाला, "सर, तुम्ही हितं का बसलाव?"

भोईरांचा चेहरा उतरला. ते उठायला गेले, पण बाक दुसरीचा होता. बाक आणि डेस्क एकमेकांना जोडलेले, आणि भोईर दोन्हींच्या मधे. ते उठले की डेस्कही उठायचं. दोनदा प्रयत्न करून ते खाली बसले. मला वाटलं, संपलं. फिरती खुर्ची.

मग त्यांनी हात वर केला.

"मना हातच्याची वजाबाकी नाय येत," ते म्हणाले. "कोन शिकवल?"

वर्गात कुजबुज झाली. सरांना येत नाय. मग तोच पुढचा मुलगा मोठ्या रुबाबात फळ्यापाशी गेला आणि त्यानं बत्तीस वजा पंधरा मांडलं. पाचातून दोन गेले तीन, तिनातून एक गेला दोन. उत्तर तेवीस.

"बरोबर का रं?" भोईरांनी विचारलं.

"होऽ," अर्धा वर्ग म्हणाला. "नाऽय," उरलेला अर्धा.

भोईर शेजारी वळले. "तुला समजला?"

पूनमनं मान हलवली. नाही.

"मना पन नाय. आपुन दोघं इचारू."

त्यांनी खिशातून आइस्क्रीमच्या काड्या काढल्या. दहा-दहाचे रबर लावलेले तीन जुडगे आणि दोन सुट्या. "यातल्या पंधरा मना दे," ते पूनमला म्हणाले. तिनं एक जुडगा दिला. मग सुट्या दोन दिल्या. मग थांबली. भोईर काही बोलले नाहीत. आमच्यापैकी कुणीही बोललं असतं. सहा मिनिटांच्या सरावात गप्प बसायला कोण शिकवतं?

बऱ्याच वेळानं पूनमचा आवाज आला. इतका बारीक की परीक्षक पुढे वाकले. "रबर काढू?"

"काय म्हाईत," भोईर म्हणाले. "बाकीच्यांना इचार."

तिनं विचारलं. वर्ग उठून त्या बाकाभोवती गोळा झाला. काढ, नको, मोडेल, अगं काढ की. तिनं रबर काढलं, डेस्कवर दहा काड्या पसरल्या आणि पुढचा रुबाबदार मुलगा आपणहून फळा पुसायला गेला.

घंटा झाल्यावर डेस्क ओढायला खुद्द परीक्षक आले. एका बाजूनं ते, दुसऱ्या बाजूनं मी. "हे टाचणात आहे?" त्यांनी विचारलं.

"नाय सर. चुकून बसलो."

परीक्षकांनी चष्मा पुसला. "पास करतोय. पुढच्या वेळी मोठ्या बाकावर चुका."

व्हरांड्यात भोईर खांबाला टेकून गुडघे चोळत होते. मी विचारलं, "अहो, सरावातली ती इतकी पोरं तुम्ही आणता तरी कुठून?"

"आनायची कशाला ताई? मी शालेत मागंच बसायचो. आमचा बाबा गावात मोठा मानूस. मास्तरांनी मना कदी मारला नाय, आन कदी इचारला पन नाय. चौथीपरत एकदा पन माजा नाव घेतला नाय. पोरा बोलायची, हिराजीची मजा हाय." त्यांनी दुसरा गुडघा चोळायला घेतला. "सर्दीवाला, डबा नाय आनलेला, सगली माज्या बाजूला बसायची. त्यांना पन कोन इचारत नव्हता. तं आमी एकमेकांना इचारायचो. येत कोनालाच नव्हता."

तेवढ्यात आतून परीक्षकांनी माझं नाव पुकारलं.

मी वर्गात गेले, उभी राहिले, खडू उचलला. अजून फळ्यावर दिनांकही लिहिला नव्हता, तोच शेवटच्या बाकावर पूनमचा हात वर झालेला दिसला. मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, "हां पूनम, बोल."

खिडकीबाहेर भोईर उभे होते. त्यांनीही तो हात बघितला, आणि घाईघाईनं पाठ फिरवून रिकाम्या मैदानाकडे बघत राहिले.