ट्रॉफीवर नाव काय घालायचं?

मोघेकाकांना घरात झुरळ दिसलं, तर ते त्याच्यावर वाटी पालथी घालतात, खालून बँकेचं जुनं पाकीट सरकवतात आणि त्याला बागेत सोडून येतात. वर "जा बाबा" म्हणतात. अशा माणसानं गेल्या मार्चमध्ये माझ्या दारात उभं राहून सांगितलं, "कांबळे, शिकारीचा फॉर्म भरायचाय."

फॉर्म म्हटलं की लोक माझ्याकडेच येतात. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. रेशनकार्डापासून न्यूझीलंडच्या व्हिसापर्यंत सगळ्या भावकीचे फॉर्म मी भरलेत, एकही परत आलेला नाही. हे मी मोठेपणा म्हणूनच सांगतोय. सध्या मी 'ते रापा' नावाच्या उपनगरातल्या दूध कारखान्यात लॅबमध्ये आहे. मोघेकाका तिथूनच इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि इथं न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनला, माझ्या शेजारी राहतात.

"कसली शिकार, काका?"

"ताहर. डोंगरातला बोकड, आयाळवाला. मूळचा हिमालयातला. कुणीतरी इथं आणून सोडला, तो रुळला, पोरंबाळं झाली. आता सरकार म्हणतं, फार झाले."

"म्हणजे आपल्यातलाच की."

"फरक आहे. आपण व्हिसाचे पॉइंट्स भरून आलोय."

फॉर्मवर दोन नावं होती. दुसरं त्यांच्या मुलाचं, रोहनचं. तो वेलिंग्टनला सरकारी खात्यात असतो आणि सुट्टी मिळाली की बंदूक घेऊन डोंगरात. दीड वर्षापूर्वी त्यानं स्वतः मारलेल्या हरणाचं मांस बापाच्या फ्रीजमध्ये ठेवलं. काकांनी त्याच्यादेखत फ्रीज रिकामा करून व्हिनेगरनं धुतला. रोहन त्या दिवशी गेला तो परत आलाच नाही. काकू आधीच गेलेल्या. उरले मोबाईलवरचे दोन शब्द, 'ऑल गुड'. साउथ आयलंडच्या शिकारीच्या गाईडनं बापलेकांसाठी तीन दिवस शुक्रवारपर्यंत धरून ठेवले होते. काकांनी रोहनला विचारलं होतं, पण त्याचं उत्तर आलेलं नव्हतं.

पण काका तयारीला लागले होते. त्यांचा लाडका शब्द 'शास्त्रशुद्ध'. चहासुद्धा ते शास्त्रशुद्ध गाळतात. आमच्या भागात चढ नाही, म्हणून पाठीवर दहा किलो आटा बांधून ते लायब्ररीचा जिना चढायचे-उतरायचे. काउंटरवरच्या बाईंनी "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करून "काही शोधताय का?" असं विचारलं, तर म्हणाले, "ताहर." बाईंनी प्राण्यांच्या पुस्तकांचा कप्पा दाखवला.

एकदा मला म्हणाले, "तुम्ही लोक खाता, तुम्हाला माहीत असेल. बोकड सोलायला किती वेळ लागतो?"

"मी सुपरमार्केटचं प्लास्टिक सोलतो, काका. दहा सेकंद."

ते 'तुम्ही लोक' मला ऐकू आलं. मागाहून त्यांनाही ऐकू आलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी माझ्या दारात साबुदाणावड्यांचा डबा होता.

फॉर्म आम्ही दोन बैठकांत भरला. नेमबाजीचा अनुभव? "लिहा, कॉलेजात एनसीसी. पाच गोळ्या. पैकी दोन शेजारच्याच्या लक्ष्याला लागल्या." आहार? "शुद्ध शाकाहारी. गुरुवारी कांदा-लसूण नाही." ट्रॉफी हवी का? काका खुलले. "हवीच! दीड फूट उंच. दोघांची नावं मराठीत कोरून." मीही बिनदिक्कत लिहिलं. शाळेत धावण्यात मिळालेला कप मलाही आठवला होता.

शुक्रवारी सकाळी काका माझ्याकडे असतानाच गाईडचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"मेट, हे नाव कोरायचं कुठं? शिंगावर?"

काका मला हळूच म्हणाले, "कपाच्या हँडलला इकडे शिंग म्हणतात का?"

मग गाईडनं समजावून सांगितलं. ट्रॉफी म्हणजे ताहरचं मुंडकं, आत भरण भरून, भिंतीवर लावायला. आयुष्यात पहिल्यांदा माझा फॉर्म परत आला होता.

"मुंडकं?" काका खुर्चीत बसले. "हॉलमध्ये? देव्हाऱ्यासमोर?"

"नो ट्रॉफी? स्वीट ॲज, चालेल," गाईड म्हणाला. "बंदूक दोघंही चालवणार?"

"एकच. माझा मुलगा."

"मग तुम्ही ऑब्झर्व्हर. पण त्याचा होकार मला आज हवा."

फोन ठेवल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, स्पष्ट बोलतो. जनावर डोळ्यांदेखत मरेल. बघवेल तुम्हाला?"

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला.

"ताहरकडे कोण बघणार आहे, कांबळे?"

मोबाईल माझ्या हातातच होता. मी रोहनला मेसेज केला, 'बंदूक तुझी. बाबा नुसते सोबत बसणार आहेत. गाईडला आजच कळवायचंय.'

काका खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. चहा केला, तो निवला. वीस मिनिटांनी फोन वाजला. मी मोठ्यानं वाचलं. इंग्रजीतच होतं: 'गाईडला हो कळवलंय. वर बर्फ असेल, बाबा गारठतील. मी त्यांच्यासाठी बूट घेतो. नंबर काय?'

काकांचे बूट माझ्या दाराशीच काढलेले होते. मी वाकून आत पाहिलं.

"नऊ. कळवू?"

"नको." ते खिडकीबाहेरच बघत होते. "लिहा, नक्की सांगता येत नाही. येऊन माप घे म्हणावं."