अकरा खणांची पाटी

पाटी पहिल्यांदा पेटली त्याच संध्याकाळी तसनीमला ताप भरला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तेव्हा घरात कोणालाच वाटलं नाही. मुनाफ खाली रस्त्यावर उभा राहून पाटी पाहत होता आणि वर त्याची बायको अजरा पोरीच्या कपाळावर हात ठेवून खिडकीतून त्याला हाका मारत होती.

पाटी मुनाफनेच बनवली होती. कतारमधल्या अल गराफातल्या त्या एकमजली इमारतीत खाली जियाद नावाच्या लेबनानी माणसाचं दुकान उघडणार होतं. त्यात जादूचे पत्ते, टोप्या, मुखवटे आणि वाढदिवसाचं सामान विकायला ठेवायचं होतं. दुकानाचं नाव अब्राकाडाब्रा. इंग्रजीत अकरा अक्षरं, प्रत्येक अक्षर माणसाच्या कमरेइतकं उंच, आत लाल निऑनची नळी. प्रत्येक अक्षराला स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर होता आणि ते सगळे पाटीच्या मागे पत्र्याच्या लांब ट्रेमध्ये बसवले होते. ट्रेला मुनाफने पत्र्याच्या बुटक्या पट्ट्या लावून अकरा खण पाडले होते. साइनबोर्डच्या धंद्यात असं नीटस काम कोणी करत नाही, असं तो स्वतःच म्हणायचा.

वरचा फ्लॅटही जियादनेच दिला होता, पाटीची आणि इमारतीच्या विजेची देखभाल करण्याच्या बोलीवर. त्या फ्लॅटच्या जोरावर मुनाफने जुलैत बायको, मुलगी आणि आई हजराबी यांना रत्नागिरीहून आणलं होतं. तोवर सहा वर्षं तो इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांच्या कॅम्पमध्ये राहिला होता. आता सप्टेंबर २००४ चालू होता, उद्घाटन पुढच्या आठवड्यात गुरुवारी होतं आणि जियादने एकच गोष्ट बजावली होती. "गुरुवारी मंत्री नाही, शेख नाही, माझे सासरे येणार आहेत. पाटी पूर्ण पेटलेली हवी. नाही तर खलास. तू तुझ्या कॅम्पात, तुझी फॅमिली इंडियात."

तसनीमचा ताप एकशेचारवर गेला. डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, औषध द्या, खोली थंड ठेवा. अजराने खिडकीतला एसी लावला तो रात्रंदिवस बंद केला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मगरिबच्या नमाजाच्या सुमारास पाटी लागली तेव्हा शेवटचा ए लागला नाही. मुनाफने वायर ढिली असेल असं म्हटलं आणि गोळ्या आणायला गेला. तिसऱ्या संध्याकाळी त्याच्या अलीकडचा आर गेला. चौथ्या संध्याकाळी बी.

समोर एक मोटारींचं शोरूम अर्धवट बांधून पडलं होतं. त्याला काचा लागल्या होत्या, आत काहीच नव्हतं. तसनीमच्या पलंगावरून त्या काळ्या काचांमध्ये पाटीचं उलटं प्रतिबिंब दिसायचं. रस्त्यावर कोणी नसायचं. आत अंधार, त्या अंधारात लाल अक्षरं लटकलेली, आणि रोज डाव्या टोकाला थोडा जास्त अंधार.

"मुनाफ, हे उजवीकडून वाचायचं काय रे?" हजराबींनी विचारलं. त्यांना उर्दू वाचता येई, इंग्रजी नाही. "म्हणजे शेवटाकडनं संपत चाललंय."

"काचेत उलटं दिसतं, अम्मी."

"मी कुठं सुलटं म्हणाले? संपत चाललंय म्हणाले."

तसनीम उशीवर डोकं ठेवून काचेकडे बघत होती. ताप एकशेदोनवर आला होता आणि तिच्या गालावर लाल उजेड पडला होता. ती म्हणाली, "इट्स फॉर फीवर, अब्बा."

"काय?"

"द वर्ड. शाळेत कॉम्प्युटरवर वाचलं मी. रोमन लोक फीवर आला की कागदावर लिहायचे. फर्स्ट लाइनमध्ये फुल वर्ड. नेक्स्ट लाइनमध्ये लास्ट लेटर गॉन. मग अजून एक गॉन. शेवटी ओन्ली ए. गळ्यात बांधायचे. वर्ड छोटा होतो तसा फीवर छोटा होतो."

एसी घरघरत होता. अजराने थर्मामीटर पुन्हा लावला. ताप एकशेदोनपेक्षाही थोडा कमी झाला होता.

"तायताचाच प्रकार म्हणा की," हजराबी म्हणाल्या. "आणि माझ्या लेकानं तो एवढा मोठा करून इमारतीला बांधला."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुनाफ आणि त्याचा मदतनीस चेतन शिडी घेऊन आले. चेतन कोल्हापूरकडचा, हाडापेराने मोठा, कशालाच न घाबरणारा अशी त्याची ख्याती होती. पाटीची वायर इमारतीच्या मुख्य बोर्डातूनच घेतलेली असल्याने मुनाफने सोपा मार्ग धरला. त्याने मेन फ्यूज काढला आणि वर्कशॉपमधून नवे ट्रान्सफॉर्मर आणायला गेला. तो परतून ट्रेचं झाकण उघडेपर्यंत तीन तास पत्रा उन्हात तापला होता. आत जळालेले ट्रान्सफॉर्मर होते आणि तळाशी वाळलेल्या चिखलाचा पातळ पापुद्रा. वाळू शिरली असेल, मुनाफ म्हणाला. त्याने नवे बसवले. संध्याकाळी सगळी अक्षरं लागली. समोरच्या काचेत शब्द पुन्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत लटकला.

वरून अजराची हाक आली. ताप एकशेतीन.

"अगं, दुपारभर एसी बंद होता. खोली भट्टी झाली असेल."

"एसी बंद होता ते मला कळत नाही काय? मी इथंच बसले होते ओल्या पट्ट्या घेऊन. पाटी लागेपर्यंत पोर बरी होती. तुम्ही ती अक्षरं लावलीत आणि ताप चढला."

"संध्याकाळी ताप चढतोच."

"काल का नाही चढला?"

दुसऱ्या संध्याकाळी शेवटचा ए पुन्हा गेला आणि ताप उतरला. तिसऱ्या संध्याकाळी आर गेला, ताप आणखी उतरला. मुनाफने पुन्हा मेन फ्यूज काढला, पुन्हा दोन ट्रान्सफॉर्मर बदलले, पुन्हा पाटी पूर्ण लागली आणि पुन्हा तसनीमचं अंग तापलं. या वेळी अजरा खिडकीतून ओरडली नाही. ती जिना उतरून खाली आली, शिडीच्या पायथ्याशी उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "परत शिडी लावलीत तर मी पोरीला घेऊन रत्नागिरीला जाईन."

"पाटी लागली नाही तर तसंही जावं लागेल."

"मग बरी होऊन जाऊ दे."

चेतन शिडी धरून सगळं ऐकत होता. अजरा वर गेल्यावर त्याने शिडी सोडली. "मुनाफभाई, ह्यात मला घेऊ नगा. लाइटीचा शॉक मी खाल्लाय, त्याचं काय वाटत न्हाई. हे येगळं हाय."

"वेगळं काय आहे? ट्रान्सफॉर्मर जळतात."

"मग मधला का जळत न्हाई? वळीनं का जळत्यात? कोण मोजतंय आत बसून?"

मुनाफला हाच प्रश्न पडला होता, फक्त त्याने तो मोठ्याने विचारला नव्हता. दोन दिवसांनी, बुधवारी संध्याकाळी, उरलेलं काम दाखवायला तो दुकानात गेला तेव्हा जियाद मुखवट्यांच्या खोक्यांवर बसून कॉफी पीत होता. मुनाफने सहज विचारल्यासारखं विचारलं की हा शब्द मूळचा कुठला.

जियादला बोलायला आवडायचं. "कोणाला ठाऊक, हबीबी. कोणी म्हणतात अरामी आहे, म्हणजे मी बोलतो तसं घडतं. कोणी म्हणतात त्याहून जुन्या शब्दावरून आला. अब्राक्सास. मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, नॉस्टिक नावाचा पंथ होता. त्यांचं म्हणणं, आकाशाचे तीनशे पासष्ट मजले आहेत आणि त्या सगळ्यांच्या वरचा धनी म्हणजे अब्राक्सास. त्या नावाच्या अक्षरांची ग्रीक बेरीजही तीनशे पासष्ट. लोक दगडांवर त्याचं चित्र कोरून अंगठीत घालत. डोकं कोंबड्याचं, पायांच्या जागी दोन साप, हातात चाबूक."

"आणि आता?"

"आता जादूगार टोपीतून ससा काढताना म्हणतो, मुलं टाळ्या वाजवतात आणि मी दुकान चालवतो." जियादने कप ठेवला. "यल्ला, चल, उद्या गुरुवार. शेवटचे दोन लेटर परत गेलेत. मी आत्ताच पाहिलं. तुझ्या सासऱ्यांसमोर तुझी पाटी अर्धी लागली तर तुला कसं वाटेल?"

त्या रात्री मुनाफला नीट झोप लागली नाही. डोळे मिटले की लाल अंधार दिसायचा आणि त्यात कोंबड्याचं डोकं मान वाकडी करून अक्षरं मोजायचं.

गुरुवारी सकाळी अजरा स्वयंपाकघरात असताना तो एकटाच शिडी घेऊन बाहेर पडला. मेन फ्यूज काढता येणार नव्हता. एसी बंद पडला असता तर अजराला लगेच कळलं असतं. म्हणून त्याने बोर्डातून पाटीची एकटी वायर सोडवली. हे किचकट काम होतं आणि आधी दोन्ही वेळा त्याने ते टाळलं होतं. मग तो शिडी चढला आणि शेवटच्या ए मागे हात घातला.

मानेवर काहीतरी टेकलं. ओलं आणि गार.

मुनाफ हलला नाही. त्याच्या मनात दोन साप येऊन गेले. मग ते पाठीवरून खाली ओघळलं आणि तिथे दुसरं पडलं. त्याने अगदी सावकाश वर पाहिलं. वर त्याच्याच घराचा एसी खिडकीतून बाहेर आला होता आणि त्याच्या शेपटातून थेंब पडत होते. एक थेंब त्याच्यावर, एक ट्रेच्या फटीत.

त्याने झाकण उघडलं. शेवटचा खण पाण्याने काठोकाठ भरलेला होता. त्याच्यावरून ओघळ शेजारच्या खणात गेला होता, तोही भरला होता. तिसऱ्यात पाणी नुकतं उतरू लागलं होतं. पोरीला ताप, म्हणून एसी रात्रंदिवस चालू. एसी चालू, म्हणून पाणी. पाणी एक खण भरून दुसऱ्यात जाई, म्हणून अक्षरं ओळीने जात. मुनाफ फ्यूज काढी तेव्हा एसी बंद पडे, पाणी उन्हात वाळून जाई आणि वर पोर तापे.

पाणी बाहेर जायला ट्रेला एकही भोक नव्हतं. कतारमध्ये पाऊस पडतो किती, असं म्हणून त्याने ती ठेवली नव्हती. ज्याच्या गावी गोठ्याच्या जमिनीलाही उतार असतो, त्या कोकणातल्या माणसाने पाण्याला वाट ठेवली नव्हती. मुनाफ शिडीवरच हसू लागला, आणि खाली किराणा घेऊन जाणारी एक बाई त्याला पाहून रस्ता ओलांडून पलीकडे गेली.

त्याने अकरा खणांना अकरा भोकं पाडली, एसीच्या शेपटाला नळी लावली आणि ट्रान्सफॉर्मर बदलले. संध्याकाळी पाटी पूर्ण लागली. वर एसी चालू होता. अजरा थर्मामीटर घेऊन खिडकीशी उभी राहिली, पारा चढायची वाट पाहत. तो चढला नाही. जियादच्या सासऱ्यांनी पाटी पाहून मान डोलावली, जादूगाराने टोपीतून कबूतर काढलं आणि फ्लॅट राहिला.

मुनाफने घरी सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं. खण, थेंब, फ्यूज, ऊन. कागदावर ट्रेचं चित्रही काढलं. चेतनला मुद्दाम चहाला बोलावलं होतं.

"म्हणजे पाणी होतं," अजरा म्हणाली.

"नुसतं पाणी. दुसरं काही नाही."

हजराबींनी चित्र लांब धरून पाहिलं. "पण ताप तर उतरला ना?"

"औषधाने उतरला, अम्मी."

"मी कुठं नाही म्हणाले?"

चेतनने चहा संपवून कप खाली ठेवला. "मुनाफभाई, पटलं. आता तेवढं गारूड बाजूला झालं म्हणायचं." पण जाताना तो पाटीखालून न जाता लांबून वळसा घालून गेला.

त्यानंतर मुनाफने ही हकिकत अनेकांना सांगितली. वर्कशॉपमध्ये, कॅम्पातल्या जुन्या सोबत्यांना, आणि एकदा जियादलाही. प्रत्येक वेळी तो शेवटी म्हणायचा, "शिकलेली माणसंसुद्धा कशी घाबरतात बघा. झाकण उघडून बघत नाहीत."

डिसेंबरात थंडी पडली. एसी महिनाभर लागला नव्हता, त्याच्या शेपटावर वाळू साचली होती. एका शुक्रवारी मुनाफला ताप भरला. एकशेचार. अंगावर दोन रजया घेऊन तो तसनीमच्या पलंगावर पडला, कारण तीच खोली उबदार होती. समोरचं शोरूम अजून रिकामंच होतं आणि त्याच्या काचेत पूर्ण शब्द पेटलेला दिसत होता.

शनिवारी संध्याकाळी शेवटचा ए लागला नाही.

मुनाफने रजईतून हात काढून मोबाइल घेतला. मग त्याने चेतनला फोन केला. चेतन आला, नाइलाजाने शिडी चढला आणि मोबाइल खांद्यात धरून वरून बोलू लागला.

"मुनाफभाई, खण कोरडा ठणठणीत हाय."

"वायर?"

"वायर घट्ट. ट्रान्सफॉर्मर पण गरम हाय, करंट येतोय. निऑनची नळी पण फुटलेली न्हाई. तरी लागंना."

"झाकण नीट उघडून बघ."

"उघडूनच बघतोय की. आत काय बी न्हाई." चेतनचा आवाज खाली आला. "नवा ट्रान्सफॉर्मर लावून बघू का?"

अजराने मुनाफच्या तोंडातून थर्मामीटर काढला आणि त्याच्यासमोर धरला. एकशेतीन. हजराबी दारात उभ्या होत्या.

"मुनाफभाई? लावू?"

मुनाफने रजई हनुवटीपर्यंत ओढली.

"नको," तो म्हणाला. "हात लावू नकोस. खाली उतर. उद्या आर जातोय का ते बघू."